पानथरी काढल्यानंतरचा ताप

पोटात डाव्या बाजूला, जठराच्या मागे आणि खालच्या बरगड्यांच्या आड मुठीएवढा, जांभळट रंगाचा एक मऊ अवयव असतो. वैद्यकाच्या पुस्तकात त्याला प्लीहा म्हणतात. जुन्या माणसांच्या तोंडी त्याचे नाव पानथरी. निरोगी प्रौढ माणसात तिचे वजन साधारण दीडशे ग्रॅम भरते. हृदय, यकृत, मूत्रपिंड यांच्याविषयी घरोघरी बोलले जाते. पानथरीची आठवण मात्र हिवतापात ती वाढली किंवा अपघातात ती फुटली तरच होते. ती काढून टाकली तरी माणूस जगतो, हिंडतो-फिरतो, नोकरी आणि संसार करतो. त्यामुळे हा अवयव असला काय आणि नसला काय, सारखेच, अशी समजूत फार वर्षे डॉक्टरांमध्येही होती.

ही समजूत खोटी ठरली, त्यात लसिका ग्रंथींच्या कर्करोगाच्या, म्हणजेच लिंफोमाच्या रुग्णांचा मोठा वाटा आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची वीस-पंचवीस वर्षे यांतील अनेक रुग्णांची पानथरी उपचारांचाच एक भाग म्हणून काढली जात असे. कर्करोग बरा झाला, रुग्ण घरी गेले, कामाला लागले. पण त्यांतील काहींना पुढे कधीतरी साधा वाटणारा ताप आला आणि एक-दोन दिवसांत तो त्यांचा जीव घेऊन गेला. हे का घडले आणि ते कसे टाळता येते, हे आज नीट ठाऊक आहे. मात्र ज्यांना ते ठाऊक असायला हवे, त्या रुग्णांपर्यंत आणि त्यांच्या घरच्यांपर्यंत ते नेहमी पोचतेच असे नाही.

रक्ताची गाळणी

पानथरीची कामे मुख्यतः दोन. पहिले काम गाळणीचे. तिच्यातून जाणारे काही रक्त अतिशय अरुंद फटींमधून, सावकाश वाहते. तरुण, लवचिक लाल पेशी त्या फटींतून अंग चोरून निसटतात. म्हाताऱ्या, ताठर झालेल्या पेशी अडकतात आणि नष्ट केल्या जातात. काही लाल पेशींमध्ये पेशीकेंद्राचे बारीक कण शिल्लक राहिलेले असतात. पानथरी तेही काढून घेते आणि पेशी पुन्हा रक्तात सोडते. म्हणूनच पानथरी नसलेल्या माणसाच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की, लाल पेशींमध्ये ठिपक्यांसारखे गोल कण दिसतात. त्यांना हॉवेल-जॉली कण म्हणतात. शस्त्रक्रियेचे कागद हरवले असले तरी हे कण सहसा खरी हकिकत सांगून जातात.

दुसरे काम संरक्षणाचे. काही जंतूंच्या अंगावर शर्करेचा गुळगुळीत थर असतो. न्यूमोनिया आणि मेंदूज्वर करणारा न्यूमोकॉकस हा यांतला प्रमुख. मेनिंगोकॉकस आणि लहान मुलांत मेंदूज्वर करणारा हिमोफिलस इन्फ्लुएन्झी बी हे त्याचे सोबती. या थरामुळे जंतू खाणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या हाती ते सहज लागत नाहीत. त्यांना पकडायचे तर आधी त्यांच्या अंगावर प्रतिपिंडे चिकटावी लागतात. प्रतिपिंडे भरपूर चिकटली असतील तर यकृतही त्या जंतूंना रक्तातून उचलते. पण जंतू शरीराला नवा असेल आणि प्रतिपिंडे अजून पुरेशी तयार झाली नसतील, तर त्याला पकडण्याचा भार मुख्यतः पानथरीवर पडतो; कारण तिथे रक्ताची गती मंद असते आणि भक्षक पेशी दाटीने बसलेल्या असतात. शिवाय शर्करेचा थर ओळखून पहिल्या काही दिवसांत झटपट प्रतिपिंडे तयार करणाऱ्या खास पेशींचेही पानथरी हेच मुख्य ठिकाण आहे.

थोडक्यात, पानथरी गेली की रोजच्या सर्दी-पडशाशी झुंजण्याची ताकद फारशी कमी होत नाही. कमी होते ती या ठरावीक जंतूंना रक्तातच अडवण्याची ताकद. धोका क्वचित येतो, पण आला की मोठा येतो, त्याचे कारण हेच.

हॉजकिन यांची नोंद

लिंफोमा आणि पानथरी यांचा संबंध जुना आहे. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधील डॉ. थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली एक निबंध सादर केला. मरण पावलेल्या काही रुग्णांच्या लसिका ग्रंथी आणि पानथरी यांत दिसलेले विलक्षण बदल त्यांनी त्यात नोंदले होते. निबंधाच्या शीर्षकातच पानथरीचा उल्लेख होता. त्यावेळी या लेखाकडे फारसे कोणी पाहिले नाही. पुढे १८६५ मध्ये सॅम्युएल विल्क्स यांनी या रोगाला हॉजकिन यांचे नाव दिले. ग्रंथी सुजणे, बारीक ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणे ही लक्षणे क्षयरोगाशी इतकी जुळतात की, दोन्ही रोगांची गल्लत होत राहिली. कार्ल स्टर्नबर्ग यांनी १८९८ मध्ये आणि डोरोथी रीड यांनी १९०२ मध्ये या रोगातील विशिष्ट मोठ्या पेशींचे वर्णन केले आणि हा क्षय नव्हे, हे रीड यांनी ठामपणे मांडले. क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्या देशात ही गल्लत अजूनही होऊ शकते. म्हणून सुजलेल्या ग्रंथीचा तुकडा तपासणे महत्त्वाचे ठरते.

पोट उघडून पाहणी

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हॉजकिनच्या रोगातून फार थोडे रुग्ण वाचत. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात हेन्री कॅप्लन आणि सॉल रोझेनबर्ग यांनी १९६० च्या दशकात किरणोपचारांची पद्धतशीर आखणी केली आणि चित्र पालटू लागले. हा रोग बहुतेक वेळा एका ग्रंथीसमूहातून शेजारच्या समूहात, असा क्रमाने सरकतो. तो कुठवर पोचला आहे हे अचूक कळले, तर तेवढ्या भागावर किरण सोडून तो समूळ नाहीसा करता येतो.

अडचण एवढीच होती की, पोटातला रोग कळणार कसा? सीटी स्कॅन तेव्हा नव्हता. पायातून रंगद्रव्य सोडून पोटातील ग्रंथींची छायाचित्रे घेता येत. पण पानथरीबद्दल त्यातून काहीच कळत नसे. हाताला मोठी लागणारी पानथरी निरोगी निघे आणि हाताला न लागणाऱ्या पानथरीत रोग सापडे. म्हणून १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्डमध्ये पोट उघडून पाहण्याची पद्धत सुरू झाली. शल्यचिकित्सक ग्रंथींचे आणि यकृताचे तुकडे घेत आणि पानथरी पूर्ण काढून बारीक चकत्या करून तपासण्यास पाठवीत. तपासण्यांत न दिसलेला रोग अशा रीतीने सुमारे चारपैकी एका रुग्णाच्या पोटात सापडत असे. पानथरी नसल्याने त्या बाजूला किरण देण्याची गरज कमी होई आणि डावे मूत्रपिंड व फुप्फुसाचा खालचा भाग वाचे, हाही एक फायदा होता. ही पद्धत लवकरच इतर देशांतही पसरली.

त्या काळच्या डॉक्टरांना यासाठी दोष देणे बरोबर होणार नाही. तरुण वयात हमखास मारणारा रोग बरा होऊ लागला होता. त्यापुढे दीडशे ग्रॅमचा एक अवयव ही किंमत त्यांना फार वाटली नाही.

आधीच मिळालेला इशारा

खरे तर इशारा आधीच मिळाला होता. पानथरी काढलेल्या उंदरांना जंतुसंसर्ग अधिक मारक ठरतो, हे मॉरिस आणि बुलक या संशोधकांनी १९१९ मध्ये दाखवले होते. अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या किंग आणि शुमाकर या शल्यचिकित्सकांनी १९५२ मध्ये पाच तान्ह्या बाळांची हकिकत प्रसिद्ध केली. लाल पेशी गोलसर होऊन फुटण्याच्या एका आनुवंशिक आजारासाठी या बाळांची पानथरी काढली होती. पुढे त्यांना गंभीर जंतुसंसर्गांनी गाठले. तरीही अनेकांना वाटले की, ही तान्ह्या बाळांपुरती गोष्ट असावी.

हॉजकिनच्या रुग्णांनी हा समज मोडला. पानथरी काढलेल्या दोनशे मुलांचा आढावा १९७६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यांतील जवळजवळ दहापैकी एका मुलाला रक्तातील जंतुसंसर्ग किंवा मेंदूज्वर झाला होता. मोठ्या वयाच्या रुग्णांतही अशाच घटना दिसू लागल्या. त्यांचे स्वरूपही ठरावीक होते. सकाळी थोडा ताप, अंगदुखी, कधी उलट्या किंवा जुलाब. घरच्यांना फ्लू वाटे. दुपारपर्यंत हुडहुडी, संध्याकाळपर्यंत रक्तदाब खाली, अंगावर जांभळे डाग, शुद्ध हरपणे. रुग्णालयात पोचेपर्यंत एकेका थेंबात असंख्य जंतू झालेले असत. उपचार करूनही अशा संसर्गात निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावल्याच्या नोंदी आहेत. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत हा धोका सर्वांत जास्त असतो. पण तो संपत कधीच नाही. वीस-तीस वर्षांनंतरही असा संसर्ग झालेला आढळतो.

तिहेरी ओझे

अपघातात पानथरी फुटल्यामुळे ती काढावी लागलेला धडधाकट तरुण आणि लिंफोमाचा रुग्ण यांच्यात मोठा फरक आहे. पहिल्याची फक्त पानथरी गेलेली असते. अपघातात तिचे कण पोटात विखुरतात आणि कधीकधी तिथे रुजून थोडेफार कामही करतात. लिंफोमाच्या रुग्णावर मात्र तीन बाजूंनी ओझे पडते.

पहिले ओझे रोगाचे. हॉजकिनच्या रोगात शरीराची पेशींमार्फत होणारी प्रतिकारशक्ती मंदावते. इतर अनेक लिंफोमांमध्ये प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशीच बिघडलेल्या असतात, त्यामुळे चांगली प्रतिपिंडे कमी पडतात. दुसरे ओझे उपचारांचे. किरण आणि रसायने कर्करोगाच्या पेशी मारताना रोगप्रतिकारक पेशींनाही झोडपतात. तिसरे ओझे पानथरीच्या अभावाचे. तिन्ही एकत्र आली की बिघाडाची नुसती बेरीज होत नाही, तो कितीतरी वाढतो. पानथरी नाही म्हणून प्रतिपिंडांची गरज जास्त आणि रोग व उपचार यांमुळे नेमकी तीच कमी, असा हा पेच आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. शस्त्रक्रिया झाली नाही म्हणजे पानथरी शाबूत आहे असे नव्हे. तिच्यावर पूर्ण मात्रेत किरण दिले गेले असतील तर काही वर्षांत ती आक्रसून निकामी होऊ शकते. स्टॅनफर्डच्याच डॉक्टरांनी १९८० मध्ये हे दाखवून दिले. अशा रुग्णाच्या पोटावर व्रण नसतो, पण धोका तोच असतो.

लस घ्यायची तर कधी?

न्यूमोकॉकसच्या चौदा प्रकारांविरुद्धची लस अमेरिकेत १९७७ मध्ये आली, तेव्हा प्रश्न सुटला असे वाटले. पण बॉस्टनच्या संशोधकांनी पुढच्याच वर्षी एक निराशाजनक गोष्ट नोंदवली. किरण आणि रसायने दोन्ही घेऊन झालेल्या हॉजकिनच्या रुग्णांत या लसीने फारशी प्रतिपिंडे तयार होत नव्हती. याउलट, उपचार सुरू होण्यापूर्वी लस टोचली तर रुग्णांचा प्रतिसाद चांगला असतो, असे १९८० मध्ये दिसून आले. लस तीच आणि रुग्णही त्याच रोगाचे. फरक फक्त वेळेचा होता.

यातून आजचा नियम तयार झाला. पानथरी काढायचे आधीपासून ठरले असेल तर लसी शस्त्रक्रियेपूर्वी किमान दोन आठवडे दिल्या जातात. शस्त्रक्रिया तातडीने करावी लागली तर साधारण दोन आठवड्यांनी लसी सुरू करतात. रसायनोपचार चालू असताना किंवा रिटुक्सिमॅबसारखे औषध घेतल्यावर सहा महिने तरी लसीचा उपयोग कमी होतो. त्यामुळे वेळापत्रक कर्करोगतज्ज्ञांनीच ठरवावे लागते.

लसीही आता सुधारल्या आहेत. जुन्या लसीत जंतूच्या अंगावरची नुसती शर्करा होती. नव्या संयुग्म लसींमध्ये ती शर्करा प्रथिनाला जोडलेली असते, त्यामुळे प्रतिकारशक्तीच्या इतर पेशीही मदतीला येतात आणि स्मृती अधिक टिकते. न्यूमोकॉकसची पहिली संयुग्म लस अमेरिकेत २००० साली आली. त्यानंतर अधिक प्रकारांना अडवणाऱ्या लसी येत गेल्या. पानथरी नसलेल्यांना न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस या तिन्हींच्या लसी आणि दरवर्षी फ्लूची लस घ्यावी लागते. काही लसी पाच-पाच वर्षांनी पुन्हा टोचाव्या लागतात. फ्लूची लस एवढ्यासाठी की, फ्लूच्या पाठोपाठ न्यूमोकॉकसचा न्यूमोनिया होण्याची शक्यता असते. पण कोणतीही लस पूर्ण कवच नव्हे. न्यूमोकॉकसचे शंभरच्या आसपास प्रकार आहेत आणि लसीत त्यांतले थोडेच असतात.

आजची परिस्थिती

हॉजकिनच्या रोगात केवळ तपासणीसाठी पानथरी काढणे आता बंद झाले आहे. सीटी स्कॅन आला, त्यानंतर पेट स्कॅन आला. संयुक्त रसायनोपचारांचा प्रभाव इतका वाढला की, लपलेला थोडा रोगही त्यांनी नाहीसा होऊ लागला. अमेरिकेत व्हिन्सेंट डिव्हिटा यांनी आणि इटलीत मिलानमध्ये जानी बोनाडोना यांनी आखलेल्या औषधमालिकांचा यात मोठा वाटा आहे. पोट उघडून पाहिलेल्या रुग्णांचे आयुष्य न उघडलेल्यांपेक्षा काही जास्त ठरत नाही, असे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील चाचणीत दिसले आणि ती शस्त्रक्रिया मागे पडली.

तरीही हा विषय इतिहासजमा झालेला नाही. पानथरीतच सुरू होणाऱ्या काही लिंफोमांमध्ये, निदान दुसऱ्या मार्गाने होत नसेल तेव्हा, किंवा फुगलेली पानथरी रक्तपेशी गिळू लागते तेव्हा ती आजही काढावी लागते. थॅलेसेमिया, प्लेटलेट कमी होण्याचे काही आजार आणि रस्त्यावरचे अपघात यांत तर ही शस्त्रक्रिया आपल्याकडे नित्याची आहे. आणि त्या जुन्या काळात बरे झालेले हॉजकिनचे रुग्ण आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर निवृत्त झाले, कागद जीर्ण झाले. पोटावरच्या व्रणाचा अर्थ घरात कोणालाच आठवत नसेल, तर एखाद्या तापात तीच गोष्ट महागात पडू शकते.

घरच्यांनी काय ध्यानात ठेवावे?

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ताप. पानथरी नसलेल्या माणसाला थंडी वाजून ताप आला, तर तापाची गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नये. त्याच तासाला डॉक्टरांकडे किंवा रुग्णालयात जावे आणि पोचताच पहिले वाक्य हेच बोलावे, ‘यांची पानथरी काढलेली आहे.’ या एका वाक्याने डॉक्टरांचा विचार बदलतो. रक्ताच्या तपासणीचा अहवाल येण्याची वाट न पाहता शिरेतून प्रतिजैविक देणे अशा वेळी जीव वाचवते.

रुग्णालय दूर असेल तर घरात आणि प्रवासात सोबत ठेवण्यासाठी योग्य प्रतिजैविक डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे आणि पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असल्यास ते त्यांना आवर्जून सांगावे. ताप येताच सांगितलेली पहिली मात्रा घ्यावी. पण ती घेतली म्हणजे काम झाले असे समजू नये. रुग्णालयाची वाट तरीही धरावीच. लहान मुलांना आणि प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णांना काही वर्षे, कधी जन्मभर रोज पेनिसिलिन देतात. ते आपल्या मनाने बंद करू नये.

हिवताप पानथरी नसलेल्यांना अधिक त्रास देतो. मच्छरदाणी वापरावी आणि हिवतापाच्या भागात जाण्यापूर्वी प्रतिबंधक गोळ्यांविषयी विचारावे. कुत्रा चावला तर रेबीजच्या लसीबरोबरच प्रतिजैविकाचीही गरज असते. कारण कुत्र्याच्या लाळेतील एक जंतू पानथरी नसलेल्यांना जिवावर बेतणारा आजार करू शकतो. अशा वेळी जखम किरकोळ आहे म्हणून थांबू नये.

पाकिटात एक चिठ्ठी सतत असावी. तिच्यावर पानथरी काढल्याचे वर्ष, मूळ आजार, घेतलेल्या लसी व त्यांच्या तारखा, अ‍ॅलर्जी आणि डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक लिहावा. घरातल्या प्रत्येकाला, शाळकरी मुलांनाही, ती चिठ्ठी कुठे आहे हे माहीत असावे. दाताच्या डॉक्टरांपासून औषधाच्या दुकानदारापर्यंत ज्यांच्याशी संबंध येतो, त्यांना ही गोष्ट सांगण्यात संकोच कशाला?

हे वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही. पानथरी काढलेल्या बहुसंख्य लोकांना असा संसर्ग कधीच होत नाही. त्यांना वेगळा आहार लागत नाही, व्यायामाला बंदी नाही, लग्न आणि मुलेबाळे यांना पानथरी नसण्याची आडकाठी नाही. कर्करोगासारख्या रोगातून जो माणूस सुखरूप बाहेर आला, तो एका रात्रीच्या तापाने जाऊ नये, एवढीच काळजी घ्यायची आहे. त्यासाठी लागते ती वेळेवरची लस, पाकिटातली चिठ्ठी आणि तापाच्या रात्री तातडीने रुग्णालयाकडे निघणारे घर.